मध्ये न बोलण्याचा महिना

सकाळी आमच्या घरात सगळ्यात आधी ह्यांचा चष्मा हरवतो, मग बाकीची कामं सुरू होतात. त्या दिवशीही दूध गॅसवर चढलं होतं, वॉशिंग मशीन कुरकुरत जागचं सरकत होतं आणि हे टेबलाखाली वाकून फरशीलाच विचारत होते, “इथेच ठेवला होता ना मी?” तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना दार वाजवणारा माणूस आमच्या इमारतीत एकच, वरच्या मजल्यावरचे भाऊजी. बेलने लोक दचकतात, असं त्यांचं म्हणणं. औषधाच्या दुकानात आयुष्य गेल्यामुळे असेल, माणसं दचकलेली त्यांना बघवत नाहीत.

दार उघडलं तर इस्त्रीचा शर्ट, चापून पाडलेला भांग, आणि हातात नवाकोरा थर्मामीटर.

“वहिनी, हा घ्या. मागे तुम्ही मागितला होता.”

“भाऊजी, मागे म्हणजे आमचा मुलगा शाळेत होता तेव्हा. आता तो नोकरीला लागला.”

“असू दे. ताप काय, कधीही येतो.” मग उंबऱ्याकडे बघत ते म्हणाले, “आत येऊ का? थोडा वेळ बसलो तर चालेल?”

हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. एरवी दारातूनच “समजलं, कामात आहात” म्हणून ते जिना उतरलेले असतात. मी खुर्ची पुढे केली. टेबलाखालून बाहेर येत हे म्हणाले, “या या. माझा चष्मा...”

भाऊजींनी ह्यांच्या डोक्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, परत मिटलं. “...कुठे दिसला का तुम्हाला?” असं ह्यांचं वाक्य रमतगमत पुरं होईपर्यंत ते हात मांडीवर ठेवून थांबले आणि मग म्हणाले, “डोक्यावर आहे.”

हे हसत हसत कामावर गेले. मला मात्र हसू आलं नाही. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत औषध हातात ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या वाक्याच्या शेवटाची वाट बघतोय, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

भाऊजींचं दुकान खाली रस्त्यालाच लागून आहे. अरुंद आणि खोल, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. मागे भिंतभर लाकडी खण, कोपऱ्यात इंजेक्शनांचा बुटका फ्रिज, काउंटरला दोऱ्याने बांधलेली कात्री. गोळ्यांची पट्टी कापताना ज्या टोकाला मुदत छापलेली असते ते टोक ते शेवटपर्यंत राखून ठेवतात. आणि गिऱ्हाईक नुसतं म्हणणार, “ती पांढरी, जेवणानंतरची...” की भाऊजींचं “समजलं”, आणि खण उघडलेला. गंमत म्हणजे औषधही बहुतेक वेळा बरोबर. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच ठेवलं होतं समजलंकाका. त्या नावाचा त्यांना राग नव्हता. उलट बिरुदासारखं मिरवायचे ते.

घरात त्यांचं हे कसब ताईंसाठी राखीव होतं. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी. ताईंचा शब्द अडतो. सगळं बोलणं नाही, पहिला शब्द. तो ओठांवर येऊन उभा राहतो, मान जराशी पुढे जाते, डोळे मिटतात, आणि समोरच्याला उगीच वाटायला लागतं की आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. तसं वाटायच्या आत भाऊजी हजर. कशा आहात ताई? “बरी आहे ती.” चहा घेणार ना? “नको, तिला पित्त होतं.” असं करत करत सगळी इमारत ताईंकडे बघून भाऊजींना विचारायला लागली. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं. ताई सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवतात, पुठ्ठे चढवतात. तिथे बोलायला कोणी नसतं. नोकरी भाऊजींनीच बघून दिलेली, त्याच कारणासाठी.

मी थर्मासमधला चहा ओतून पुढे ठेवला. भाऊजींनी कपाला हात लावला नाही. मान वर करून छताकडे बघितलं. आमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर त्यांचं स्वयंपाकघर आहे.

“आज तिला फोन यायचाय,” ते म्हणाले. “बेटावरच्या बाईंचा. सकाळची पहिली बोट सुटली की करते म्हणाल्यात.”

“मग तुम्ही इथे काय करताय?”

“तेच सांगायला आलो. दुकानात बसलो तर काहीतरी निमित्त काढून वर जाईन. माझे पाय मला विचारत नाहीत.”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. मधेच शब्द सापडेनासा झाला की गप्प बसायचे. शब्द माझ्या जिभेवर यायचा, पण मी तो गिळायचे. ते आपणच शोधून काढायचे, आणि तो असायचा जरा वेगळाच.

महिन्याची कल्पना त्यांच्या लेकीची. सगळ्या घराने मिळून बेटावर सुट्टीला जायचं आणि त्या महिन्यात प्रत्येकाने एकेक सवय सोडायची, असं तिने फर्मान काढलं. आपली सवय आपण निवडायची नाही, कारण माणूस स्वतःला सूट देतो. जेवायला बसल्यावर आपल्या उजव्या हाताला जो असेल त्याची सवय आपण सांगायची. नातीने आईचं ताटांचे फोटो काढणं बंद करवलं, लेकीने नवऱ्याचा जेवतानाचा मोबाइल. भाऊजींनी नातीची नखं खाण्याची सवय सांगितली. जावयाच्या उजवीकडे ताई. तो बिचारा घाबरत घाबरत म्हणाला, “आई, तुम्ही न विचारता वाढता ते.” आणि ताईंच्या उजवीकडे भाऊजी.

“ती विचार करत होती,” भाऊजी म्हणाले. “मान पुढे गेली. मी म्हटलं, समजलं, साखर. सोडली साखर. सगळे हसले. तिने मान हलवली. परत थांबली. मी म्हटलं, मग दुपारची झोप? लेक म्हणाली, बाबा, तिला बोलू दे की. मग खूप वेळाने ती म्हणाली, मी बोलताना मध्ये बोलणं.”

“मग?”

“मग काय, हो म्हटलं. मनात म्हटलं, हिच्याच सोयीसाठी बोलतो मी, आणि हिनेच हे सांगावं? राग आला होता थोडा, खोटं कशाला बोलू.”

सवय सोडायची म्हणजे दुकानातही सोडायची, असं त्यांनी ठरवलं. एक आजोबा येऊन म्हणाले, “ती लाल, सकाळची...” आणि भाऊजी नुसते बघत राहिले. आजोबा वैतागले. “अहो, ती लाल! काय झालंय तुम्हाला, बरं नाही का?” सवय काही सुटेना. मग त्यांनी औषधवाल्याचाच उपाय काढला. घशाच्या गोळ्यांची पट्टी खिशात ठेवायची. ताईंना कोणी काही विचारलं की गोळी तोंडात टाकायची. गोळी विरघळेपर्यंत माणूस बोलू शकत नाही.

बेटावर जायच्या बोटीच्या तिकीट-खिडकीशी भाऊजी मुद्दाम मागे उभे राहिले. तिकीटवाल्याने ताईंना विचारलं, किती जण? भाऊजींनी गोळी टाकली. मागची रांग चुळबुळली, कोणीतरी मोठ्याने उसासा टाकला. ताईंची मान पुढे गेली, डोळे मिटले, आणि मग त्या म्हणाल्या, पाच. तिकीटवाल्याने पाच तिकिटं फाडून दिली.

“एवढंच,” भाऊजी म्हणाले. “आभाळ कोसळलं नाही, वहिनी. इतकी वर्षं मला वाटायचं कोसळेल.”

बेटावर ते एका बाईंच्या घरी उतरले होते. खाली मोठी जेवणाची खोली, वर पाहुण्यांच्या खोल्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. शेजारीच बेटाचं छोटं वाचनालय होतं आणि त्याची किल्लीही ह्याच बाईंकडे. खाऱ्या हवेने पुस्तकांचे पुठ्ठे सुटून आले होते, पानं चिकटली होती. ताईंनी एक पुस्तक हातात घेतलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि बाईंना काहीतरी विचारलं. आपणहून. दुसऱ्या दिवशी दोघी तिथेच, तिसऱ्या दिवशीही. समुद्रावर ताई नातीला गोष्टी सांगत. नात नुकतीच वाचायला शिकलेली. शब्द अडला की ती निवांत थांबायची. आजोबांना म्हणाली, “आजी पण माझ्यासारखी अक्षरं जोडते. घाई केली की चुकतं.”

“आणि वहिनी, ती चेष्टा करते, हे मला माहीतच नव्हतं,” भाऊजी म्हणाले. “जेवताना बाईंनी तिला विचारलं, तुमचे हे नेहमी असेच गप्प असतात का? मी गोळी चघळत बसलेलो. ती थांबली, थांबली, आणि म्हणाली, नाही हो, त्यांचं औषध चालू आहे. सगळं टेबल हसलं. मीही हसलो. मग वाटलं, असं किती बोलत असेल ही मनातल्या मनात. आणि मी दर वेळी, तिला पित्त होतं.”

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दोघांनीही छताकडे पाहिलं. फोन नव्हता. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

निघायच्या दिवशी जावयाला खोकला झाला. भाऊजींनी पट्टीतली उरलेली शेवटची गोळी त्याला दिली. सामान दारात, बोटीची वेळ झालेली. नाश्त्याच्या टेबलावर इतर पाहुणेही होते. बाई चहाची किटली घेऊन आल्या आणि ताईंच्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, “मी एक विचारू? तुम्ही इथे राहाल का थोडे दिवस? माझ्या घरीच राहा. शाळा सुटल्यावर इथल्या मुली येतील, त्यांना शिकवा पुस्तकं शिवायला. म्हणजे तुम्ही गेल्यावरही काम चालू राहील.”

ताईंनी चमचा खाली ठेवला. मान पुढे गेली.

“किती वेळ गेला कोण जाणे. सगळे बघत होते. समोरचा एक माणूस पावाला लोणी लावता लावता थांबला. मी खिशात हात घातला तर रिकामी पट्टी. आणि मी बोललो.”

“काय बोललात?”

भाऊजींचा चेहरा इतका उतरला की विचारलं नसतं तर बरं, असं मला झालं. पण त्यांना सांगायचं होतं. त्यासाठीच ते आले होते.

“म्हटलं, तिला नाही जमणार ते. पोरी हसतील तिला. मागे बसून शिवायचं असेल तर सांगा.” त्यांनी चहाचा कप जवळ ओढला. साय धरली होती त्याच्यावर. “पोरी हसतील. कोणी हसलं नव्हतं, वहिनी. एवढ्या दिवसांत त्या बेटावर कोणीसुद्धा नाही. हसणारी माणसं मीच आणली तिथे.”

मी गार झालेला कप बाजूला सरकवला.

“बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. तिच्याकडे बघत राहिल्या. तिने तोंड मिटलं. चिडली असती तर बरं झालं असतं. पण चेहऱ्यावर नेहमीचंच आलं. मी उत्तर दिलं की येतं ते. आजवर मला वाटायचं, सुटल्यासारखं वाटतं तिला.”

बोटीत नात शेजारी बसून म्हणाली, “आजोबा, तुमचा महिना मोडला.” ते म्हणाले, हो. मग ती म्हणाली, “आजीचा शब्द आला होता. अगदी ओठावर.” त्यांनी विचारलं, कुठला गं? “ते कसं कळणार? तुम्ही बोललात ना.”

घरी आल्यापासून ताई बोलल्या नाहीत. अबोला म्हणावा तर तसंही नव्हतं. त्या मान डोलवायच्या, बोटाने दाखवायच्या, भाऊजींना गरम पोळी वाढायच्या. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. पण भांडायलाही पहिला शब्द लागतोच.

“परवा बाईंचा फोन आला,” भाऊजी म्हणाले. “नेहमीसारखा मीच उचलला. ती ओट्याशी उभी. बाई म्हणाल्या, मुली रोज विचारतात, त्या येणार आहेत का. मला वाटलं, आता चूक सुधारायची वेळ आली. मी म्हटलं, हो हो, येणार आहे ती. पुढच्याच आठवड्यात येईल.”

“भाऊजी...”

“समजलं,” ते पटकन म्हणाले, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मग हात काढून म्हणाले, “नाही. बोला तुम्ही.”

“काही नाही. तुम्हाला कळलेलंच आहे.”

“कळलं. पण फोन ठेवल्यावर. आधी नाही कळलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि आत गेली. नाही म्हटलं तेही मीच आणि हो म्हटलं तेही मीच.”

बाई हुशार. त्यांनी ताईंच्या मोबाइलवर निरोप पाठवला: मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. परवा सकाळी पहिली बोट गेली की फोन करते. तोवर दुसऱ्या कोणाला विचारणार नाही, पण त्यानंतर मात्र विचारावं लागेल.

“काय सांगतील ताई?” मी विचारलं.

“ठाऊक नाही.” आणि मग कसनुसं हसले. “दुकानात येणाऱ्याच्या चेहऱ्यावरून औषध ओळखतो मी. हिचं मात्र काही सांगता येत नाही. विचारलंच नाही ना कधी.”

त्यांची पहिली भेट मला पाठ आहे. कोणत्याही समारंभात ताई शेजारी बसलेल्या असताना ते ती सांगायचे. तेव्हा ते दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होते. एक मुलगी वडिलांचं औषध घ्यायला आली, मागे रांग, दुकानाचा मालक खेकसतोय आणि तिच्या तोंडून औषधाचं नाव निघत नाही. भाऊजींनी पुढे होऊन नाव सांगितलं, पुडी बांधून दिली. त्यानंतर ती यायची ती त्यांच्याच काउंटरला. “मी वाचवलं तिला,” हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य असायचं, आणि ताईंच्या चेहऱ्यावर तेच नेहमीचं.

आज त्यांनी तीच गोष्ट परत सांगितली, पण शेवट बदलला होता. “त्या दिवशी ते चांगलं होतं, वहिनी. खरंच चांगलं होतं. तिला औषध हवं होतं आणि मालक हलकट होता. पण मी काउंटरवरून उठलोच नाही. घरीसुद्धा.”

दूध केव्हाच उतू जाऊन गॅस विझला होता, ते मला आत्ता दिसलं. मी उठून शेगडी बंद केली, फडका घेतला आणि ओटा पुसायला लागले. पाठमोरं राहिलेलं बरं वाटत होतं. भाऊजींच्या वयाच्या माणसाला असं बसलेलं बघणं सोपं नसतं. मुदत संपलेल्या गोळ्या ते दुकानात वेगळ्या खोक्यात टाकतात, कंपनीला परत पाठवायला. मला उगीचच ते खोकं आठवत राहिलं.

“समजा त्यांनी हो म्हटलं,” मी ओट्याकडे बघतच म्हणाले, “तर तुम्ही एकटे राहाल का इकडे?”

“राहीन. करून खाईन. न विचारता वाढायला कोणी नाही, एवढंच.” मग म्हणाले, “आणि नाही म्हणाली तरी चालेल. पण तिने म्हटलेलं असावं.”

तेवढ्यात वर फोन वाजला.

जुन्या इमारतींतून आवाज असा उतरतो की आपल्याच घरात वाजतोय असं वाटावं. एकदा वाजला, पुन्हा वाजला. भाऊजी खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या हाताने सवयीने खिसा चाचपला. पट्टी नव्हती. पावलं वाजली. फोनचा आवाज थांबला.

“उचलला,” ते पुटपुटले.

आम्ही दोघं छताकडे बघत होतो. काही ऐकू येत नव्हतं. वॉशिंग मशीन तेवढ्यात थांबलं आणि घर आणखीनच शांत झालं. त्या शांततेत ताई फोन कानाला लावून उभ्या असतील, मान पुढे गेलेली, डोळे मिटलेले. भाऊजी खुर्चीच्या कडेला सरकले होते.

“बाईंना वाटेल फोन कटला,” ते हळूच म्हणाले. “ठेवून देतील त्या. फोनवर माणूस दिसत नाही, वहिनी. समोर असती तर गोष्ट वेगळी. मी फक्त एवढंच सांगून येतो, की जरा थांबा. बाकी एक शब्द बोलणार नाही.”

बोलता बोलता ते उठलेही होते. दार अर्धवट उघडं होतं. त्यांचा हात दाराच्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला. आपण काय बोललो ते त्यांना बहुतेक तेव्हा ऐकू आलं. वर अजून शांतताच होती. त्यांनी दार आतून लोटलं, त्याला पाठ लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“वहिनी, तेवढी कडी लावून घ्या. तिचा फोन होईपर्यंत मला वर जाऊ देऊ नका.”